तीन फिरंग्यांचं धनुष्य

“तीन की चार?” खानसाहेबांनी विचारलं.

“तीन,” मी म्हणालो.

“गेल्या ईदला कलेक्टरांना तू चार सांगितले होतेस.”

“कलेक्टर आपल्या इकडचे होते, साहेब. आज परदेशी पाहुणे. त्यांना मेलेले फिरंगी जरा कमीच सांगावेत. कुणाचा नातेवाईक निघायचा त्यांत.”

“पाहुणा आफ्रिकेचा आहे, मुबारक. त्याचा फिरंगी नातेवाईक कसा निघेल?”

“मग चार करू.”

खानसाहेबांनी शेरवानीचं वरचं बटण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. “नको,” ते म्हणाले. “तीनच. तीन खरं वाटतं.”

सकाळचे दहा वाजले होते. बंगल्याच्या दिवाणखान्यात पंखा फिरत होता आणि आम्ही दोघं भिंतीवरच्या त्या धनुष्याकडे बघत उभे होतो. खाली पितळेची पाटी होती, आदल्या दिवशी मीच चिंचेनं घासलेली. ‘सरदार सिदी मरजान यांचे युद्धातील धनुष्य.’

गोष्ट अशी होती, की सरदार सिदी मरजानांनी आमच्या खाडीतल्या पाणकोटाच्या बुरुजावरून एक बाण सोडला. त्या वेळी फिरंग्यांच्या गलबतावर तीन शिपाई पाणी प्यायला रांगेत उभे होते. बाण तिघांतून आरपार गेला, चौथ्याची टोपी उडवली आणि तसाच पुढे समुद्रात पडला. टोपी वाहत आमच्या किनाऱ्याला लागली. माझ्या खापरपणजीनं तिच्यात कोंबडी बसवली. त्या टोपीत उबवलेली पिल्लं म्हणे मोठी होऊन कुणालाच भीत नसत.

ही गोष्ट मीच रचलेली होती. आता वय झालंय, कबूल करायला हरकत नाही. शिडाच्या होडीतून पर्यटकांना कोट दाखवून आणायचं काम मी चाळीस वर्षं केलं. एकदा भर खाडीत वारा पडला, होडी जागची हलेना आणि कोल्हापूरकडचे एक मास्तर सारखे घड्याळ बघायला लागले. त्यांना गप्प बसवायला मी ही गोष्ट सांगितली. मास्तर इतके खूश झाले की त्यांनी ती वहीत लिहून घेतली. लिहिलेल्या गोष्टीला कोण खोटं म्हणणार?

धनुष्य मात्र खरं होतं, म्हणजे होतं. खानसाहेबांचे अब्बा वारले तेव्हा बंगल्यामागची लाकडाची खोली रिकामी करायला मला बोलावलं होतं. ढिगाऱ्याच्या तळाशी हे वाकलेलं बांबूचं धूड सापडलं. त्याला गंजकी तार होती, आणि मध्याच्या जरा खाली एक काळपट, झिजलेलं कडं पडलं होतं. मी ते जळणात टाकणार, एवढ्यात खानसाहेबांनी हातातून घेतलं. “हे राहू दे,” म्हणाले. दुसऱ्या दिवशी ते दिवाणखान्यात टांगलेलं दिसलं. मी पर्यटकांना सांगायला लागलो, ते काळं कडं म्हणजे सरदारांच्या मुठीचा घाम.

पुढे कुणा पाहुण्यानं ती गोष्ट जेवणाच्या टेबलावर खानसाहेबांनाच ऐकवली. मला बोलावणं आलं. मी होडीच्या साखळीची किल्ली खिशात घेऊनच गेलो, कारण होडी त्यांची होती आणि ती आता जाणार हे नक्की होतं. खानसाहेबांनी खिडकी लावून घेतली. मग त्यांनी एवढंच विचारलं, “फिरंगी किती?”

पुढच्या महिन्यात पितळेची पाटी बनून आली. मी घरी जाऊन बायकोला म्हणालो, एवढा मोठा माणूस, पण किती भोळा.

आमचं बंदर जंजिऱ्याच्या दक्षिणेला, नकाशावर शोधायला गेलात तर माशी बसलीय असं वाटेल. टेकडीवर खानसाहेबांचा बंगला आणि बर्फाचा कारखाना. खाली किनाऱ्याला आम्हा सिद्द्यांची बारा घरं. आमच्यातले निम्मे त्या कारखान्यात बर्फाच्या लाद्या ओढायचे. चेहरे वर-खाली सारखेच. तेच केस, तेच नाक, तोच रंग. पण खानसाहेब म्हणायचे, “आम्ही हबशी सरदार. तुम्ही सिद्दी.” यातला फरक मला आजतागायत कुणी समजावून सांगितलेला नाही. पण तो बंगल्याच्या पायरीवर चप्पल काढताना बरोबर कळायचा.

माणूस वाईट नव्हता. कुणाच्या घरी मयत झाली तर पहिली लादी त्यांच्याकडून यायची. पण त्यांच्या मनात एक सल होता. एकदा मुंबईला बर्फवाल्यांच्या मोठ्या जेवणाला गेले होते, तर हॉटेलच्या दरवानानं त्यांना सांगितलं, सामान उतरवणाऱ्यांनी मागच्या दारानं यायचं. अंगावर रेशमी शेरवानी होती तरी. ते मागच्या दारानं आत गेले, जेवले आणि परत आले. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, होडीत, पाण्याकडे बघत.

म्हणून म्युझियमच्या त्या पत्राचं मोल मला ठाऊक होतं. पूर्व आफ्रिकेतल्या एका देशाच्या राजधानीत नवं म्युझियम बांधत होते. त्यात एक दालन, समुद्रापार गेलेल्या त्यांच्या लेकरांचं. शूर लेकरांच्या वस्तू हव्या होत्या. खानसाहेबांनी धनुष्य देऊ केलं. उत्तर आलं, आमचे अधिकारी येऊन बघतील, पसंत पडलं तर घेऊन जातील, आणि उद्घाटनाला आपल्याला घराण्याचे वंशज म्हणून मानाचं निमंत्रण.

“तिथं मला कुणी विचारणार नाही, तुम्ही कुठले,” खानसाहेब म्हणाले होते. “तिथं सगळेच माझ्यासारखे दिसतात. पण नुसतं दिसून भागत नाही, मुबारक. काहीतरी असून जायला हवं.”

एवढं सगळं त्या बांबूवर टांगलेलं होतं.

पाहुण्यांसमोर आपला काहीतरी नाच हवा म्हणून खानसाहेबांनी मुंबईहून, डोंगरीतून, धमाल करणाऱ्या सिद्दी फकिरांचा मेळा बोलावला होता. पाच जण एसटीनं आले. ढोल, करवंटीचे खुळखुळे, मोरपिसं. मी त्यांना मागच्या अंगणात बर्फाच्या ट्रकच्या सावलीत बसवलं. मेळ्याची म्होरकी हवाबाई. पन्नाशीची, काटकुळी, दातांना मिश्री, हिरवी ओढणी. गिरगावात वीस वर्षं जुन्या कपड्यांवर भांडी विकून तिचं मराठी धारदार झालेलं.

“तू सिद्दी ना रे?” तिनं विचारलं.

“हो. पण आम्ही इथले. बोटवाले.”

“आम्ही भरूचकडचे. फकीर.” तिनं माझ्या इस्त्रीच्या सदऱ्याकडे नीट बघून घेतलं. “आणि ते वरचे?”

“ते हबशी सरदार.”

“म्हणजे तू आम्हाला ट्रकच्या सावलीत बसवतोस आणि ते तुला पायरीवर.”

“मी आत जातो,” मी म्हणालो.

“चप्पल घालून?”

मी चहाचं बघून येतो म्हणून सटकलो.

अकरा वाजता पाहुणे आले. उंच, चष्मा, राखाडी सूट, हातात चामड्याची बॅग. नाव म्वाकालिंगा. मला ते आजही एका दमात म्हणता येत नाही, मी आपलं ‘साहेब’ म्हणून भागवलं. त्यांच्या ड्रायव्हरनं एक लांबट लाकडी पेटी आणून दिवाणखान्याच्या दाराशी ठेवली. आतून लाल मखमल लावलेली. धनुष्य त्यात झोपून जाणार होतं.

खानसाहेब त्यांच्याशी इंग्रजीत बोलले, मग मला खूण केली. मी माझ्या होडीतल्या हिंदीत गोष्ट सुरू केली. बाण निघाला, पहिला फिरंगी गेला, दुसरा गेला. तिसऱ्यावर मी जरा थांबलो, कारण पाहुण्याच्या चेहऱ्यावर काहीच हलत नव्हतं. खानसाहेब माझ्या कानाशी येऊन मराठीत पुटपुटले, “रंगत नाहीये. चौथा घे.”

“तीन ठरलं होतं ना,” मीही पुटपुटलो.

“घे म्हणतो ना.”

“टोपी त्याचीच आहे, साहेब. तो मेला तर टोपी कुणाची उडवू?”

पाहुणे चहावर फुंकर घालत होते. मी तिसऱ्यावरच आवरतं घेतलं आणि कोंबडीवर आलो. कोंबडी त्यांना आवडली असावी. त्यांनी बॅगेतून छापील फॉर्म काढला, पेनचं टोपण उघडलं आणि धनुष्यापाशी गेले. खानसाहेबांनी श्वास सोडला, तो मला पाच हातांवरून ऐकू आला.

नेमकी तेव्हाच हवाबाई स्वयंपाकघराच्या दारातून आत आली. रिकामा तांब्या हातात, नाचायचं कुठं हे विचारायला. विचारायचं राहिलं. ती भिंतीकडे बघत उभी राहिली.

“या अल्ला,” ती म्हणाली. “याला इथं कुणी टांगलं? आणि याचा भोपळा कुठाय?”

मी नेहमीच्या सवयीनं तोंड उघडलं. पाहुण्यांना हिंदीत सांगितलं, “ये बाई बोलती है, बहुत जोरदार धनुष्य है।”

म्वाकालिंगा साहेबांनी कप खाली ठेवला. “नाही हो,” ते म्हणाले, स्वच्छ मराठीत. “बाई म्हणाल्या, याचा भोपळा कुठं आहे.”

पंखा फिरत होता. खानसाहेबांच्या कपाळावर तरीही घाम आला.

“मी पुण्याला होतो,” पाहुणे माफी मागितल्यासारखं बोलले. “चार वर्षं. शेती कॉलेजला. आमच्या खानावळीच्या मावशी मराठीत मागितल्याशिवाय आमटी वाढायच्या नाहीत.”

“म्हणजे मघाशी ते तीन की चार...” मी म्हणालो.

“ऐकलं. तीन ठीक आहे. टोपीचा मुद्दा मला पटला.”

आयुष्यात मला लाज वाटल्याचे प्रसंग थोडे. त्यात हा बराच वर लागतो.

“बाई, हे काय आहे म्हणता?” त्यांनी हवाबाईला विचारलं.

“मलुंगा आहे, साहेब. वाद्य आहे आमचं. काठीनं तार छेडायची, खाली भोपळा बांधायचा. माझा बाप दारोदार हेच वाजवत फिरायचा. याच्याशिवाय आमची धमाल सुरूच व्हायची नाही. बाप गेला, त्याचा मलुंगा चाळीच्या आगीत गेला. सोळा वर्षं आम्ही नुसत्या ढोलावर सुरू करतो. लग्न नवऱ्याशिवाय लावावं तसं.” तिनं त्या काळ्या कड्याकडे बोट दाखवलं. “हे बघा. भोपळा बांधून बांधून झिजलंय.”

“तो घाम आहे,” मी क्षीणपणे म्हणालो.

“कुणाचा?”

“सरदारांचा.”

“सरदार भोपळे विकायचे का?”

खानसाहेब हळूच खुर्चीत बसले. “ती चीज भिंतीवरून उतरायची नाही,” ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. “बाईंना गैरसमज झाला आहे.”

“मला फॉर्म भरायचाय, खानसाहेब,” पाहुणे म्हणाले. “इथं दोन चौकटी आहेत. शस्त्र, आणि इतर. सही माझी जाते. उद्या तिकडं कुणी विचारलं तर माझी नोकरी.”

खानसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. “मुबारक, तू सांग. आजवर तूच सांगत आलायस.”

तुम्ही म्हणाल, इथं तरी खरं बोलायचं. पण समोर तो माणूस बसला होता, शेरवानीची सगळी बटणं लावून, आणि दाराशी ती मखमली पेटी उघडी. मला ते मुंबईच्या हॉटेलचं मागचं दार दिसलं.

“चार फिरंगी होते,” मी म्हणालो. “माझ्या खापरपणजीनं स्वतः बघितले.”

हवाबाई खळखळून हसली. “अरे बोटवाल्या, हा बांबू बघ. यातून बाण सुटला तर या खोलीच्या त्या भिंतीला लागेल की नाही, मला शंका आहे. एक सुका भोपळा आण, मी दाखवते.”

“भोपळा मिळेल?” पाहुण्यांनी मला विचारलं. त्यांनी विचारलं की नाही म्हणता येत नसे, अशी त्यांची रीत होती.

मी खानसाहेबांकडे बघितलं. त्यांनी अडवलं नाही. नाही म्हटलं असतं तर तेच उत्तर ठरलं असतं, हे त्यांनाही कळत होतं. खाली जेट्टीवर पोरं पोहायला शिकताना पाठीला बांधतात तसले सुके भोपळे पडलेले असतात. मी एक आणला. वर येताना दर पायरीवर माझ्या मनात आलं, की तो हातातून सुटावा आणि फुटावा. चांगला कठीण निघाला मेला.

हवाबाईनं भोपळ्याचं तोंड कापलं, ओढणीचा काठ फाडून तो कड्यापाशी बांधला, तार पिळून घट्ट केली. स्वयंपाकघरातून जळणाच्या काटक्यांतली एक बारीक काडी घेतली. मग उभं राहून भोपळा छातीला लावला आणि तारेवर काडी मारली.

ठक्.

पुन्हा मारली. ठक्. सुतारानं खुंटी ठोकावी तसं. तिनं तार आणखी पिळली, भोपळा जरा सरकवला. ठक्, ठक्. ओढणी खांद्यावरून घसरली. तिच्या ओठांवर घाम जमला.

“बाप बायकांना हात लावू द्यायचा नाही,” ती म्हणाली, आणि पहिल्यांदा तिचा आवाज बारीक झाला. “मी नुसतं बघायची. असंच धरायचा तो. असंच.”

ठक्.

म्वाकालिंगा साहेब वाट बघून फॉर्मकडे वळले. माझा जीव भांड्यात पडला, मी भिंतीला टेकलो. वाजत नव्हतं. वाजत नाही ते वाद्य कसलं? धनुष्यच ते. बाईंची हौस झाली, पेन चौकटीपाशी पोचलं. खानसाहेबांनी फक्त गप्प बसायचं होतं, आणखी अर्धा मिनिट. गप्प बसणं त्यांना चांगलं जमायचं.

“छातीला नाही,” खुर्चीतून आवाज आला. “पोटाला लाव.”

आम्ही तिघंही वळलो.

खानसाहेब कुणाकडेच बघत नव्हते. “भोपळ्याचं तोंड पोटावर ठेवायचं,” ते म्हणाले. “उघडं पोट. कपड्यावर तो मरतो. आणि काडी अशी मुठीत नाही धरायची, दोन बोटांत. डाव्या हाताचा अंगठा तारेला नुसता टेकवायचा.”

हवाबाईनं घसरलेली ओढणी सावरली. मग मलुंगा त्यांच्यापुढे धरला.

ते उठले. शेरवानीची बटणं एकेक करून काढली, सगळी. आत मलमलचा सदरा होता, तो वर सारला. बर्फाच्या कारखान्याच्या मालकाचं पोट मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं, चांगलं गोल आणि काळंभोर, माझ्यासारखंच. ते गालिचा सोडून खाली फरशीवर मांडी घालून बसले. भोपळा पोटाला लावला. दोन-तीनदा काडी चुकली.

मग ते वाजलं.

कसं सांगू. मी कोंबडीची गोष्ट सांगू शकतो, पण हे सांगताना अडतो. रांजणात अडकलेला भुंगा गुणगुणावा आणि कुणीतरी रांजणावर हात ठेवून उचलावा, तसं. दोनच सूर. पोट आत घेतलं की एक, सोडलं की दुसरा. खानसाहेब डोळे मिटून वाजवत होते, थांबत होते, चुकत होते, परत मागे जाऊन तिथूनच धरत होते. हवाबाई त्यांच्यासमोर खाली बसली आणि तांब्यावर बोटांनी ताल धरला. अंगणातून तिच्या मेळ्यातल्या कुणीतरी ढोलावर एक थाप दिली, मग तोही गप्प झाला. कपातल्या चहावर साय धरली.

“आजोबांचा आहे,” वाजवणं संपल्यावर खानसाहेब म्हणाले. “जोहर नाव होतं. भरूचहून वाजवत वाजवत, मागून खात, किनाऱ्या-किनाऱ्यानं इथवर आले. अब्बांनी दुसऱ्याच्या कारखान्यात लाद्या ओढल्या, मग स्वतःचा काढला. कारखाना निघाला त्या दिवशी अब्बा म्हणाले, आता कुणी विचारलं तर आपण सरदार. आजोबा लाकडाच्या खोलीत राहायचे. मी सात-आठ वर्षांचा असताना चोरून त्यांच्याकडे जायचो. ते शिकवायचे.” त्यांनी सदरा खाली ओढला. “अब्बांनी खोलीला कुलूप लावलं. आजोबा गेल्यावर.”

मी असा माणूस, की मयताच्या घरीसुद्धा काहीतरी सुचतं. इथं मी एवढंच म्हणालो, “साहेब, मग तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं. मी तुम्हाला इतकी वर्षं...”

“तुला वाटलं, तू मला फसवतोयस?”

“हो.”

“मला तुझी गोष्ट ऐकून फार बरं वाटलं होतं, मुबारक. मला वाटलं, चला, आजोबांना निदान कुणीतरी काहीतरी दिलं.” ते जरासं हसले. “पण तू त्यांच्या हातातलं वाद्य काढून घेतलंस तेवढं.”

म्वाकालिंगा साहेबांनी चष्मा पुसला. ‘शस्त्र’ या चौकटीत त्यांनी अजून काही लिहिलं नव्हतं. आता त्यांनी ती आडवी खोडली. “आमच्याकडंही हे वाजवतात,” ते म्हणाले. “माझे वडील शाळेत हेडमास्तर. हे वाजवणारे गावात आले की मला घरात कोंडायचे. म्हणायचे, त्यांच्यामागं जाशील तर तसाच होशील.” त्यांनी फॉर्म दुमडून बॅगेत ठेवला. “खानसाहेब, मी शूर लेकरांच्या दालनासाठी आलोय. वाद्यांचा विभाग माझ्याकडं नाही. त्याला वेगळं पत्र लागतं. सहा महिने, कदाचित वर्ष. ते हो म्हणतील याची मी खात्री देत नाही.”

“आणि निमंत्रण?” मीच विचारलं. खानसाहेब विचारणार नव्हते.

“ते पत्राबरोबर.”

खानसाहेबांनी मान हलवली. ड्रायव्हर पेटी उचलून घेऊन गेला, रिकामी. जाता जाता पाहुण्यांनी हवाबाईच्या मेळ्याची पूर्ण धमाल बघितली, अंगणात, ट्रकच्या सावलीत उभं राहून. निघताना मला म्हणाले, “कोंबडीची पिल्लं खरंच कुणाला भीत नव्हती?” मी म्हणालो, एकाला भीत होती, पण त्याची गोष्ट मोठी आहे.

मेळ्याची एसटी चारची होती. हवाबाई सामान बांधत होती. खानसाहेब मागच्या दारानं अंगणात आले, हातात मलुंगा.

“घेऊन जा,” ते म्हणाले.

तिनं घेतला नाही. “नेऊन काय करू? वाजवणार कोण? बायकोशिवाय नवरा घरी नेल्यासारखं.” तिनं दोरी आवळली. “पुढच्या चांदाला आमचा उरूस आहे. तुम्ही या. तुम्ही सुरू करा.”

“मी?”

“दुसरं कोण आहे? पण आमच्या मेळ्याची एक रीत आहे. मलुंगा धरणाऱ्यानं आधी एका अनोळखी दारावर जायचं, वाजवायचं, कुणाचा ते सांगायचं आणि मूठभर धान्य आणायचं. त्या धान्याचा प्रसाद शिजतो. एकच दार, पण स्वतः जायचं. माझ्या बापानं आणलं, त्याच्या बापानं आणलं. तुमच्या आजोबानं पण आणलं असणार.”

“माझ्या कारखान्यात चाळीस माणसं आहेत, बाई. पोतं पाठवतो तांदळाचं.”

“पोतं ठेवा तुमच्याकडंच. मूठ आणा.”

ती गेली. खानसाहेब अंगणात मलुंगा धरून उभे राहिले. त्यानंतर महिनाभर दिवाणखान्यातली ती भिंत रिकामीच राहिली. पितळेची पाटी त्यांनी स्वतः काढली. त्यांच्या मेहुण्यानं मुंबईहून फोन करून, हे काय कानावर येतंय, असं विचारलं, तेव्हा फोन खाली ठेवण्याआधी खानसाहेब एवढंच म्हणाले, “खरंय.” मेहुणे मंडळी पुढची चार वर्षं आमच्या बंदरात फिरकली नाहीत.

पुढच्या चांदाला पहाटेच त्यांनी गाडी काढली. मला बरोबर घेतलं, कारण डोंगरीच्या गल्ल्या मला माहीत आहेत असं मी एकदा सांगितलं होतं. मला त्या मुळीच माहीत नव्हत्या. तासभर फिरल्यावर एका चाळीत, पहिल्या मजल्यावर, एका बंद दारापुढे खानसाहेब थांबले.

“हे?”

“हे चांगलं आहे,” मी म्हणालो. दार बाकीच्यांसारखंच होतं.

त्यांनी शेरवानीची बटणं काढली, सदरा वर सारला, भोपळा पोटाला लावला. पहिले सूर फारच वाईट लागले. दार उघडलं. हाताला पीठ लागलेली एक तरुण बाई, मागे रडणारं मूल.

तिनं त्या रेशमी शेरवानीकडे बघितलं, मलुंग्याकडे बघितलं, उघड्या पोटाकडे बघितलं. “कोण तुम्ही? कुणाचे?”

“सरदार,” खानसाहेबांच्या तोंडून सवयीनं निघालं. ते थांबले. घसा साफ केला. “जोहर फकिराचा नातू.”

“कोण जोहर?”

“मलुंगा वाजवायचे. भरूचकडचे.”

तिनं जरा विचार केला. “मला नाही माहीत, बाबा,” ती म्हणाली आणि आत गेली.

आम्हाला वाटलं, संपलं. पण ती परत आली, मूठ भरून. खानसाहेबांजवळ पिशवी नव्हती. मीही आणली नव्हती. ते क्षणभर गडबडले, मग त्यांनी मलुंगा माझ्याकडे दिला आणि शेरवानीचा घेर दोन्ही हातांनी पुढे पसरून धरला. तांदूळ रेशमावर पडले. ती म्हणाली, “जरा बरं वाजवा पुढच्या वेळी,” आणि मूल उचलून दार लावून घेतलं.

खानसाहेब पसरलेल्या शेरवानीतल्या त्या मूठभर तांदळांकडे बघत जिन्याशी उभे होते. सांडतील म्हणून हलत नव्हते.

“मुबारक,” ते हळूच म्हणाले, “आता शेजारचं दार ना?”

रीत एकाच दाराची होती. हवाबाईनं ते स्पष्ट सांगितलं होतं, आणि मी तिथंच उभा होतो.

“हो साहेब,” मी म्हणालो. “या मजल्यावरची सगळी.”